बोलणे आणि गाणे : एका नादाचे दोन व्यवहार

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहायला घेतला, तेव्हा त्याने सुरुवात रागांपासून केली नाही. आधी देह कसा घडतो ते सांगितले, मग त्या देहातून नाद कसा उठतो ते. गाणे-वाजवणे तर नादावर उभे आहेच, पण वर्ण, पद, वाणी आणि माणसांचा सारा व्यवहारही त्यावरच चालतो, अशी त्याची मांडणी आहे. संगीतावर लिहिणाऱ्याने बोलण्यालाही आपल्या हद्दीत ओढावे, यात थोडा अभिमान असेल. पण मुद्दा बिनतोड आहे. फुफ्फुसांतून निघणारी हवा, कंठातल्या स्वरतंतूंचे कंपन, जीभ-ओठ-टाळूने बदलणारे तोंडाच्या पोकळीचे आकार आणि ऐकणाऱ्याचा कान, एवढेच भांडवल दोघांच्या वाट्याला आले आहे. त्यातून दोन व्यवहार निघाले आणि आजवर सापडलेल्या प्रत्येक मानवसमाजात ते दोन्ही आहेत. ते एकमेकांपासून नेमके कशाने वेगळे होतात, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे सहज मिळतात. एक, संगीत ही साऱ्या जगाला समजणारी भाषा आहे. दुसरे, बोलणे बुद्धीचे आणि गाणे हृदयाचे. सत्कारसमारंभात ही वाक्ये शोभतात. तपासायला घेतली की मात्र तग धरत नाहीत. ज्याच्या कानावर कधी ख्याल पडलेला नाही, त्याला विलंबित एकतालातली अर्ध्या तासाची बढत म्हणजे शिक्षा वाटते, आणि चिनी ऑपेरा पहिल्यांदा ऐकणाऱ्या आपल्या रसिकाची अवस्था काही वेगळी नसते. बोलिव्हियात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात राहणाऱ्या चिमाने लोकांवर जोश मॅकडर्मट आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य कानाला गोड वाटणारे स्वरमेळ आणि खटकणारे स्वरमेळ, दोन्ही या लोकांना सारखेच सुखद वाटले. परक्या समाजातली अंगाई ऐकून ती अंगाई असावी इतके श्रोत्याला बहुधा ओळखता येते, हे खरे. पण तेवढ्यावरून सबंध संगीताला विश्वभाषा म्हणणे म्हणजे रडणे सर्वांना कळते म्हणून मराठीही सर्वांना कळते असे म्हणण्यासारखे आहे. दुसऱ्या उत्तराबद्दल पुढे येईलच.

माझे म्हणणे असे की फरक आवाज वापरून झाल्यावर त्याचे काय होते, यात आहे. बोलण्यात आवाज खर्ची पडतो. अर्थ पोचला की त्याचे काम संपते आणि ऐकणाऱ्याचे मन त्याला सोडून देते. संगीतात आवाज खर्ची पडू दिला जात नाही. तोच धरून ठेवायचा असतो, कारण त्याच्या पलीकडे पोचवायचे असे दुसरे काही नसते. जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना उतारा ऐकवायचा आणि त्यातलेच एक वाक्य थोडे बदलून पुन्हा पुढे करायचे. मध्ये पंचवीस-तीस सेकंदांचा मजकूर गेला, की वाक्याची रचना बदलली आहे हे ऐकणाऱ्याला ओळखता येईना. अर्थ बदलला असेल तर मात्र चटकन लक्षात येई. याच्या उलट डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ साली दाखवले, की सामान्य माणसांना आवडते गाणे आठवणीतून म्हणायला सांगितले तर त्यातले कितीतरी जण मूळ ध्वनिमुद्रणाच्याच पट्टीत किंवा तिच्या अगदी जवळ म्हणतात. वाक्याचा देह अर्ध्या मिनिटात विरतो आणि गाण्याची पट्टीसुद्धा वर्षानुवर्षे टिकते. स्मरणशक्ती तीच, माणूसही तोच.

हा फरक मनाच्या पातळीवर सुरू होत नाही. तो ध्वनीच्या घडणीतच मुरलेला आहे. कुजबुज घ्या. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणजे आवाजाला उंची अशी उरतच नाही. नुसती हवा तोंडाच्या पोकळीतून घासत जाते. तरीही कानाशी कुजबुजलेले गुपित पूर्ण समजते. ‘प’ आणि ‘ब’ यांतला भेद पुसट होतो, पण संदर्भ तो भरून काढतो. आता कुजबुजत्या आवाजात यमन गाऊन पाहावा. लय राहील, शब्द राहतील, राग औषधालाही सापडणार नाही. जुन्या तारेच्या टेलिफोनची गोष्ट अशीच. त्यातून सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचा पट्टा तेवढा जात असे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० कंपनांचा, म्हणजे तो तारेवर चढतच नसे; तरी शंभर वर्षे जगाने त्यावर व्यापार केले, भांडणे केली, लग्ने ठरवली. त्याच तारेवर तबला ऐकवला तर डग्ग्याची घुमक गेलीच. बोलण्याने आपली मदार स्वराच्या उंचीवर ठेवलीच नाही. तोंडाच्या आकाराने आवाजाच्या रंगात पडणारे झपाट्याचे बदल हेच त्याचे चलन. म्हणून ते बाईच्या, पुरुषाच्या, लेकराच्या, घसा बसलेल्या माणसाच्या आवाजातही चालते.

या बाबतीतला सर्वांत बोलका पुरावा शस्त्रक्रियेने दिला आहे. कॉक्लिअर इम्प्लांट या उपकरणात कानाच्या शंखात १२ ते २२ विद्युत्-अग्रे बसवतात, आणि निरोगी कानातल्या सुमारे साडेतीन हजार आतील रोमपेशींचे काम ती आपल्या परीने करतात. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर अनेकांना शांत जागी संभाषण समजते, कित्येकांना फोनवरही बोलता येते. मात्र शब्द आणि ठेका काढून घेतला तर ओळखीची चालही ओळखणे त्यांना जड जाते. रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली याची पूर्वसूचना दिली होती. बोलण्यातला स्वर काढून टाकून फक्त तीन-चार पट्ट्यांतला खरखराट ठेवला आणि त्याची चढउतार मूळ बोलण्याप्रमाणे केली, तर ऐकणाऱ्यांना वाक्ये जवळजवळ पूर्ण कळत. २०२० साली फिलिप आल्बुई, रॉबर्ट झातोर आणि सहकाऱ्यांनी हाच धागा उलटसुलट तपासला. दहा वाक्ये आणि दहा चाली घेऊन त्यांच्या जोड्यांतून शंभर गाणी एका गायिकेकडून गाऊन घेतली आणि ती दोन तऱ्हांनी बिघडवली. काळातले बारकावे पुसले की शब्द हरवले, चाल शाबूत राहिली. कंपनसंख्यांचे बारकावे पुसले की चाल हरवली, शब्द शाबूत राहिले. मेंदूतही शब्दांचा भार डाव्या श्रवणकेंद्रावर आणि चालीचा उजव्या केंद्रावर पडलेला दिसला. एकाच गळ्यातून एकाच क्षणी निघालेल्या ध्वनीचे दोन घटक असे वेगळे सोडवता येतात, ही गोष्ट ‘संगीत म्हणजे भाषाच’ म्हणणाऱ्यांनी मनावर घ्यावी अशी आहे.

येथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. चिनी, व्हिएतनामी, योरुबा अशा भाषांत स्वराची उंची बदलली की शब्दच बदलतो, मग बोलण्याची मदार उंचीवर नाही असे कसे म्हणता? इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या शेजारची पंजाबी अशीच भाषा आहे. तिथे घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी हे तीन शब्द जवळजवळ एकाच उच्चाराचे आहेत आणि ते वेगळे होतात ते आवाजाच्या चढण्या-उतरण्यानेच. पण हा स्वर संगीतातला स्वर नव्हे. पंजाबी बोलणाऱ्याला आपला ‘खालचा’ आवाज अमुक एका षड्जाच्या खाली अमुक इतक्या अंतरावर लावावा लागत नाही; शेजारच्या अक्षरांपेक्षा तो खाली असला की झाले. वाक्याच्या शेवटी आवाज आपोआप उतरतो तसे हे सुरही सरकतात आणि कुणाची हरकत नसते. गायकाचा गांधार असा सरकला तर मैफल संपली. संगीतात स्वराला टिकाऊ जागा असते. आपल्याकडे तर ती जागा डोळ्यांसमोर ठेवावी तशी तंबोऱ्यावर सतत वाजत ठेवलेली असते. कुठल्याही भाषेला बोलताना मागे तंबोरा लागत नाही. २०२४ साली युतो ओझाकी, पॅट्रिक सॅव्हेज आणि इतर अशा ७५ संशोधकांनी मिळून ५५ भाषांत स्वतःच गाऊन आणि बोलून ध्वनिमुद्रणे केली. निष्कर्ष सगळीकडे एकच दिसला : गाणे बोलण्यापेक्षा संथ, वरच्या आवाजात आणि स्थिर स्वरांचे. यातला तिसरा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. स्वर स्थिर केल्याशिवाय तो धरून ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप संगीताच्या बाजूने येतो. रागाला व्याकरण आहे, वादी-संवादी आहेत, वर्ज्य स्वर आहेत, चलन आहे. मग त्याला भाषा का म्हणू नये? व्याकरण आहे, हे मान्यच. भूप आणि देशकार यांचे उदाहरण याबाबतीत अजोड आहे. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर. भूपात गांधार वादी आणि धैवत संवादी, देशकारात धैवत वादी आणि गांधार संवादी. भूप संध्याकाळी, पूर्वांगात रमणारा. देशकार सकाळी, उत्तरांगाकडे ओढ असलेला. तयार कानाला दोन्ही इतके वेगळे वाटतात, की एकात दुसऱ्याची छाया पडली तर ती चूक ठरते. एवढा काटेकोर नियम कुठल्याही भाषेच्या व्याकरणाला भूषण ठरावा. पण हे सगळे व्याकरण पाळून भूप सांगतो काय? ‘संध्याकाळ’ असे म्हणावे, तर ‘उद्याची संध्याकाळ’ किंवा ‘संध्याकाळ झाली नाही’ हे भूपात म्हणता येत नाही. नकार, भूतकाळ, अट, प्रश्न यांतले काहीही स्वरांना जमत नाही. भाषेत निरर्थक वर्णांची जुळणी होऊन सार्थ शब्द बनतो आणि मग तो शब्द दूरच्या, न पाहिलेल्या, नसलेल्या गोष्टीकडेही बोट दाखवतो. स्वरांची जुळणी होऊन स्वरावलीच बनते, आणि ती बोट दाखवते ते रागातल्याच दुसऱ्या स्वरावलीकडे. ही संगीताची उणीव मानण्याची चूक मात्र करू नये. बाहेर बोट दाखवण्याच्या जबाबदारीतून सुटल्यामुळेच पाच स्वरांवर तासभर रेंगाळण्याची मुभा गायकाला मिळते.

रेंगाळण्यावरून पुनरावृत्तीकडे येऊ. बोलण्यात एकच वाक्य तीनदा म्हटले, तर ऐकणारा म्हणतो, कळले हो. संगीतात मात्र पुन्हा येणे हाच जगण्याचा प्रकार आहे : अस्थायी फिरून येते, सम फिरून येते, धृपद फिरून येते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आल्यापासून मराठी प्रेक्षकाने याची एक जाहीर परीक्षाच चालवली. पद रंगले की ‘वन्समोअर’. बालगंधर्वांच्या काळात एकेका पदाला मिळणाऱ्या वन्समोअरपायी नाटके पहाटेपर्यंत चालत. कथा थांबली आहे, नायिका ताटकळली आहे, याची कुणाला फिकीर नसे. गद्य संवादाला टाळी पडे, क्वचित वन्समोअरही मिळे. पण मिळे तो त्यातल्या बातमीसाठी नव्हे, म्हणण्याच्या ढंगासाठी, म्हणजे त्यातल्या गाण्याच्या अंशासाठीच. डायना डॉइच यांना १९९५ साली या गोष्टीचे प्रयोगशाळेतले रूप अपघाताने हाती लागले. स्वतःच्याच ध्वनिमुद्रित निवेदनातला एक तुकडा यंत्रावर पुनःपुन्हा वाजत राहिला आणि थोड्या वेळाने तो गायल्यासारखा ऐकू येऊ लागला. ध्वनी तसूभरही बदललेला नव्हता. पुनरावृत्तीने अर्थ खर्चून संपला, कानाला धरायला फक्त आवाज उरला आणि बोलण्याचे गाणे झाले. माझ्या म्हणण्याला याहून थेट आधार मी शोधूनही मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट वेळेची. संभाषणात माणसे पाळीपाळीने बोलतात. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांतली संभाषणे २००९ साली तपासली, तेव्हा एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातले अंतर सरासरी पाव सेकंदाच्या आतबाहेर निघाले, भाषा कुठलीही असो. दोघे एकदम बोलले, तर दोघांचेही बोलणे वाया जाते; टीव्हीवरच्या चर्चा याची रोज साक्ष देतात. संगीतात पाळी नसते, साथ असते. दिंडीतले शेकडो वारकरी एकाच वेळी तोंड उघडतात आणि कुणाचेही काही हरवत नाही, कारण कुणी कुणाला काही कळवत नसतो. जुगलबंदीतले सवाल-जवाब हा संभाषणाचा लडिवाळ अभिनय खरा, पण तोही एकाच तालाच्या आवर्तनात बांधलेला असतो. एकट्याने गायलेल्या आलापाचे काय, असे कुणी विचारील. तिथेही तंबोरा संगतीला असतो, आणि पुढे तबला आला की समेवर मान हलवणारा श्रोता त्या काळात गायकाइतकाच सामील असतो. संभाषणातल्या श्रोत्याला मात्र आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते.

आता भावनेचा मुद्दा, कारण ‘बोलणे बुद्धीचे, गाणे हृदयाचे’ म्हणणारे एव्हाना अस्वस्थ झाले असतील. भावना ही दोघांची सामाईक मिळकत आहे. भरताने नाट्यशास्त्रात नटाच्या पाठ्याचा, म्हणजे बोलण्याचा, विचार करताना रसांना स्वर नेमून दिले : हास्य-शृंगाराला मध्यम-पंचम, करुणाला गांधार-निषाद. काकूचे, म्हणजे आवाजाच्या वळणाचे, त्याने केलेले विवेचन आजही उपयोगी पडावे असे आहे. पॅट्रिक युस्लिन आणि पेट्री लाउक्का यांनी २००३ साली त्या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून दाखवले, की राग, दुःख, आनंद व्यक्त करताना बोलणारा आणि वाजवणारा गती, जोर, उंची यांच्या त्याच खुणा वापरतात. हर्बर्ट स्पेन्सरने १८५७ साली तर भावनेने भारलेल्या बोलण्यातूनच संगीत जन्मले असे मांडले. चार्ल्स डार्विनने १८७१ साली क्रम उलटा लावला : आधी जोडीदाराला रिझवणारे सूर, मग त्यातून भाषा. हा वाद पुराव्याने मिटण्यासारखा नाही, कारण आवाज जमिनीत गाडला जात नाही. जर्मनीतल्या होल फेल्स गुहेत सापडलेली गिधाडाच्या हाडाची बासरी सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्या कितीतरी आधी माणसे बोलत-गात असणार, एवढेच म्हणता येते. मूळ एक असो वा नसो, माझ्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही. रागावलेल्या माणसाच्या आवाजातला राग ओळखला की त्या आवाजाचे काम झाले. मारव्यातली हुरहूर ओळखून ऐकणे थांबवणारा श्रोता कुणी पाहिला आहे?

मेंदूच्या विकारांबद्दल थोडक्यात. रशियन संगीतकार विस्सारियन शेबालिन यांची वाचा पक्षाघाताच्या झटक्यांनी गेली. इतरांचे बोलणे समजणेही कठीण झाले. तरी त्यांनी १९६२ साली आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली, आणि अलेक्सांद्र लुरिया यांनी सहकाऱ्यांसह त्यांच्या प्रकरणाची नोंद १९६५ साली केली. मॉन्ट्रियलच्या इझाबेल पेरेत्झ यांनी अभ्यासलेली माणसे याच्या अगदी उलटी : बोलणे उत्तम, पण ओळखीची चाल कानावर पडली तरी तिची ओळख नाही. दोन्ही व्यवहार मेंदूत पूर्ण वेगळे आहेत असा अर्थ मात्र यातून काढू नये. वाक्यातला अनपेक्षित शब्द आणि स्वरमेळातला अनपेक्षित स्वर मेंदूच्या काही सामाईक यंत्रणा वापरत असावेत, ही अनिरुद्ध पटेल यांची मांडणी मला पटते. साधने सामाईक असूनही हिशेब वेगळे असू शकतात.

राहिला तो खरा कठीण आणि सर्वांत रसाळ प्रदेश : मधला. बोलणे आणि गाणे यांच्यात भिंत आहे असे कुणाला वाटत असेल, तर मराठी मुलूख ते फार काळ वाटू देणार नाही. शाहीर पोवाड्यात गद्यावरून चालीवर आणि चालीवरून गद्यावर इतक्या सहज उडी मारतो, की जोडाची जागा सापडत नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाचे निरूपण, मधला अभंग आणि उत्तररंगाचे आख्यान एकाच गळ्यातून येते. तबल्याचे बोल तर जिभेने बोललेले वाद्याचे आवाजच. पटेल आणि जॉन आयव्हर्सन यांनी २००३ साली दाखवले, की तबला आणि हिंदी दोन्हींशी अपरिचित अमेरिकी श्रोतेसुद्धा बोल आणि आघात यांच्या जोड्या बऱ्यापैकी लावतात. उलट टोकाला ख्यालाची बंदिश आहे, जिच्यात शब्द असतात पण जाणकारालाही ते नेहमी उमगतात असे नाही. तराण्यात तर अर्थाचे सोंगही उरत नाही. आणि कविता? तिथे भाषाच आपला आवाज राखून ठेवू पाहते. म्हणून कवितेचा सारांश सांगितला की हाती काही लागत नाही. हे मधले प्रकार माझ्या विधानाला छेद देत नाहीत. ध्वनी कितपत खर्चायचा आणि कितपत राखायचा, याची ती वेगवेगळी प्रमाणे आहेत.

या मधल्या प्रदेशाची ध्वनीच्या अंगाने पाहणी मराठीत फार थोड्यांनी केली. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) हे मोठे अपवाद. संगीत आणि भाषण या दोन्ही आवाजांकडे त्यांनी सारख्याच गांभीर्याने पाहिले. एरवी पोवाडा आणि कीर्तन आपण वाङ्मयाच्या इतिहासात संहिता म्हणून वाचत आलो. आता तर त्याला सबबही उरलेली नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तयार झालेले ‘प्राट’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर कुठल्याही ध्वनिमुद्रणातील आवाजाची उंची क्षणाक्षणाला मोजून आलेख काढून देते. वाचकांपैकी जो कुणी भाषेचा, संगीताचा किंवा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असेल, त्याला माझी विनंती आहे : आपल्या गावातल्या कीर्तनकारांची परवानगी घेऊन एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण करावे, ते या सॉफ्टवेअरमध्ये घालावे आणि स्वर कुठे स्थिरावू लागतो ते मिनिटागणिक नोंदवून प्रसिद्ध करावे.